तेल-इंजिनाचें हेड : दुरुस्ती कीं बदली ?

आपल्या सोलापूर जिल्ह्यांत पाऊस थोडा व तोही बेभरवशाचा. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचें केंद्र १९३३ सालीं सोलापुरास निघालें, तें याच कारणानें. अशा मुलखांत विहिरीच्या पाण्याची एक पाळी चुकली तर वर्षाची मेहनत वायां जाते. विजेचे पंप आतां सर्वत्र झाले आहेत. तरी वीज नसेल त्या वेळीं उपयोगीं पडावें म्हणून पुष्कळ बागाईतदार डिझेलचें इंजिन जवळ बाळगतात. नेमकी ज्वारी पोटरींत असतां इंजिन बंद पडतें, व मिस्त्री सांगतो, "हेड गेलें, नवें घाला." त्या वेळीं खर्चाचा निर्णय मालकानें स्वतः समजून करावा, या हेतूनें आम्ही हा विषय येथें मांडीत आहोंत.

प्रथम हेडचें काम पाहूं. सिलिंडरचें तोंड झांकणारें हें बिडाचें जाड झांकण होय. हवा आंत घेणारा व धूर बाहेर सोडणारा असे दोन व्हॉल्व्ह आणि तेल उडविणारा नोझल यांतच बसविलेले असतात, व त्यांच्याभोंवतीं पाणी खेळण्यास पोकळी असते. आपल्याकडे प्रचारांत असलेल्या पांच अश्वशक्तीच्या एका इंजिनाचा सिलिंडर ८० मिलिमीटर व्यासाचा असून तें मिनिटास १५०० फेरे घेतें. या सिलिंडरच्या तोंडाचें क्षेत्र सुमारें ५० चौरस सेंटिमीटर होतें. तेल पेटतांना दर चौरस सेंटिमीटरवर ६० किलोग्रॅमच्या आसपास दाब धरला, तर हेडवर एका वेळीं ३००० किलोग्रॅम, म्हणजे ३० क्विंटल भार येतो. दर दोन फेऱ्यांस एक स्फोट, म्हणजे मिनिटास ७५० वेळां हा भार येतो व जातो. हा हिशेब एकदां ध्यानांत आला म्हणजे नट आवळण्याचें काम अजाण पोराच्या हातीं कां देऊं नये, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

हेड बिघडण्याचीं कारणें मुख्यतः तीन. पहिलें, क्षार. आपल्या विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. तें तापलें कीं पोकळींत पांढरा थर बसतो, व हा थर बिडाच्या मानानें वीस पटींहून अधिक उष्णता अडवितो. दुसरें कारण म्हणजे तापलेल्या इंजिनांत एकाएकीं थंड पाणी ओतणें. वरचा भाग फुगलेला व आंतला आकसलेला, अशा ताणांत बीड तडकतें. कारण पोलादाप्रमाणें तें वांकत नाहीं. तिसरें, नट वेडेवांकडे आवळल्यानें हेडचा पृष्ठभाग मुरडणें.

बिघाडाचीं लक्षणेंही ओळखतां येतात. पाण्याच्या टाकींत बुडबुडे येत असतील तर गॅस्केट जळलें आहे किंवा तडा गेला आहे असें समजावें. वंगणाचें तेल ताकासारखें पांढुरकें झालें तर त्यांत पाणी उतरलें आहे; असें इंजिन क्षणभरही चालवूं नये. परंतु इंजिन केवळ जड चालू होत असेल व जोर कमी झाला असेल, तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा, रिंगांचा किंवा नोझलचा असतो. तेवढ्यासाठीं नवें हेड घेणें म्हणजे चाकाची धांव ढिली झाली म्हणून गाडी विकणें होय.

हेड काढावयाचें तें इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. काढल्यावर पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर सरळ पोलादी पट्टी उभी, आडवी व तिरपी धरून खालून फट पाहावी. ०.१ मिलिमीटरचें पातें खालीं शिरलें तर पृष्ठभाग घासून सपाट करणें अवश्य आहे. तडा शोधण्यास रॉकेल लावून दहा मिनिटांनीं पुसावें व वर खडूची पूड चोळावी. तडा असल्यास ओली रेघ उमटते. व्हॉल्व्ह तपासण्यास हेड उलटें ठेवून पोकळींत रॉकेल ओतावें. तें झिरपलें तर व्हॉल्व्ह व त्याची बैठक पेस्टनें घासून घ्यावी.

आतां मुख्य प्रश्न. तडा बाहेरच्या पाण्याच्या भिंतीस असेल, तर दुरुस्ती चालते. तड्याच्या दोन्ही टोंकांस भोंक पाडून, हेड हळूहळू तापवून, निकेलच्या कांडीनें थोडें थोडें वेल्डिंग करावें व नंतर तें राखेंत पुरून सावकाश निवूं द्यावें. पोलादाच्या साध्या कांडीनें घाईंत सांधलें तर बाजूस नवा तडा जातो. उलट, तडा दोन व्हॉल्व्हच्या बैठकींमध्यें किंवा नोझलच्या भोंकापर्यंत गेला असेल, तर तेथें उष्णता व दाब हीं दोन्ही अतिशय असल्यामुळें सांधा टिकण्याचा भरंवसा धरतां येत नाहीं. नवेंच हेड घ्यावें. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तरीही नवें बरें, असें आमचें मत आहे. शिवाय दुरुस्तीस लागणाऱ्या दिवसांत पिकाचें होणारें नुकसानही त्याच हिशेबांत धरावें. खरेदी करतांना इंजिनाच्या पट्टीवरील नमुन्याचा क्रमांक दाखवावा. केवळ "पांच अश्वशक्तीचें" म्हणून मागूं नये.

बसवितांना गॅस्केट नवेंच घालावें. नट समोरासमोरच्या क्रमानें, तीन टप्प्यांत, पुस्तिकेंत दिलेल्या जोरानें आवळावे. पृष्ठभाग घासला असेल तर पिस्टन हेडला लागण्याचें भय असतें. म्हणून पिस्टनवर शिशाची बारीक तार ठेवून, हेड आवळून इंजिन हातानें एक फेरा फिरवावें व दबलेल्या तारेची जाडी पुस्तिकेशीं ताडून पाहावी. कमी भरल्यास जाड गॅस्केट घालावें. नंतर टॅपेटची फट जमवावी. कांहीं तास चालवून इंजिन थंड झाल्यावर नट पुन्हा तपासावे, व टॅपेटची फट पुन्हा पाहावी.

पुढील काळजी थोडी आहे. टाकींत शक्य तर गाळलेलें पावसाचें पाणी भरून तेंच फिरवावें. वर्षांतून एकदां पोकळींतील थर खरडावा. इंजिन तापून पाणी आटलेलें दिसलें तर बंद करून निवूं द्यावें व मगच पाणी घालावें. दप्तरांत आयुष्य घालविलेल्या आमची एक सूचना अशी कीं, गोठ्यांतील जनावरांची नोंद ठेवतां तशी इंजिनाचीही एक वही करावी : चाललेले तास, बदललेले भाग, तारीख व खर्च. पुढच्या वेळीं मिस्त्री "हेड गेलें" म्हणेल तेव्हां मालकाच्या हातांत ती वही असावी, व मिस्त्र्यास विचारण्याचा पहिला प्रश्न "किंमत किती ?" हा नसून "तडा कोठें आहे, तो दाखवा" हा असावा.