समजा, पाया स्थिर आहे...

सेकंड इयरला लेव्हलिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये आमच्या बॅचची क्लोजिंग एरर काही केल्या हद्दीत येईना. पावसाळ्याचे दिवस. दोनदा रीडिंग घेऊन झाली, तिसऱ्यांदा फील्डबुकातले आकडे जरा ‘ॲडजस्ट’ करावेत असा विचारही झाला. तेवढ्यात सरांनी लांबूनच विचारलं, "काय रे, ट्रायपॉडचा पाय कशात रोवलाय?" पाहिलं तर एक पाय ओल्या मातीत हळूहळू खचत होता. आकडे आम्ही तीनदा तपासले होते, पायाखालची माती एकदाही नाही.

ही गोष्ट विसरून गेलो होतो. थर्ड इयरच्या सेमिनारला ती परत आठवली. विषय होता अंटार्क्टिकाचा बर्फ आणि समुद्राची पातळी. स्लाइडवर मी ऐटीत लिहिलं होतं, ‘गृहीतक १ : बर्फाखालचा खडक स्थिर आहे.’ तेच सर पहिल्या बाकावर बसलेले. म्हणाले, "पुन्हा ट्रायपॉड?" वर्गात हशा पिकला. सेमिनार कसाबसा पार पडला, पण त्या प्रश्नाने पुढचे दोन महिने मला लायब्ररीत बसवलं. तिथे जे समजलं ते तुम्हालाही सांगावं म्हणून हा लेख.

आधी वजनाचा हिशेब करू. बर्फाची घनता घनमीटरला सुमारे ९१७ किलो, आणि भूकवचाखालच्या प्रावरणाची सुमारे ३,३०० किलो. बर्फाचा थर ३ किलोमीटर जाड आणि शेकडो किलोमीटर पसरलेला असेल, तर खालचं भूकवच किती दबेल? आर्किमिडीजचाच नियम. ३,००० गुणिले ९१७ भागिले ३,३००, म्हणजे साधारण ८३० मीटर! कणकेच्या गोळ्यात अंगठा दाबला की कडेने कणीक थोडी वर येते, तशी बर्फाच्या कडेबाहेरची जमीन किंचित वर उचलली जाते.

पण हे एका दिवसात होत नाही. मटेरिअल्समध्ये आपण स्प्रिंग आणि डॅशपॉट शिकतो ना, तसंच. भार काढला की स्प्रिंगचा भाग लगेच परततो, डॅशपॉटचा भाग मात्र हजारो वर्षं घेतो, कारण प्रावरण घन असूनही अतिशय सावकाश वाहतं. तापमानाच्या एककामुळे आपल्याला माहीत असलेल्या अँडर्स सेल्सिअसने १७३१ साली स्वीडनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर खडकात समुद्रपातळीची खूण कोरली. पाणी वर्षानुवर्षं खाली जातंय हे त्याला दिसत होतं, आणि समुद्रच आटतोय असं त्याला वाटलं. खरं तर जमीन वर येत होती. तिथला हिमयुगातला बर्फ जाऊन सुमारे दहा हजार वर्षं झाली, तरी बॉथनियाच्या आखाताजवळ जमीन अजून वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर वर येते आहे. म्हणजे सेल्सिअसची बेंचमार्कच हलत होती!

दबणं आणि उसळणं ही झाली हजारो वर्षांची गोष्ट. कोट्यवधी वर्षांचा हिशेब वेगळा आहे. अंटार्क्टिकावर मोठी हिमचादर बसायला सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी सुरुवात झाली. सरकणारा बर्फ खालचा खडक खरवडतो आणि तो गाळ समुद्रात नेऊन टाकतो. शिवाय पश्चिम अंटार्क्टिकाखालचं भूकवच पूर्वी ताणलं जाऊन पातळ झालंय. ते थंड होत गेलं तसं खाली बसत गेलं. शास्त्रज्ञ हा हिशेब उलटा करतात. भोवतालच्या समुद्रतळावरचा गाळ मोजायचा, तो कागदावर परत जमिनीवर ठेवायचा, बसलेलं भूकवच वर उचलायचं आणि बर्फाचं वजन काढायचं. असं केल्यावर दिसतं, की आज जो पश्चिम अंटार्क्टिका बहुतांशी समुद्रपातळीखाली आहे, त्याचा मोठा भाग तेव्हा कोरडी जमीन होता.

गंमत म्हणजे बर्फ सगळीकडे खरवडतच नाही. पूर्व अंटार्क्टिकात १९५८ साली सोव्हिएत मोहिमेला बर्फाखाली आल्प्ससारखी एक पर्वतरांग सापडली. तिचं नाव गाम्बुर्तसेव्ह. तिथला बर्फ बऱ्याच ठिकाणी तळाशी गोठलेला, जवळजवळ न सरकणारा आहे. त्यामुळे हिमचादर येण्याआधीच्या दऱ्या आजही झाकून ठेवल्यासारख्या आहेत. याउलट डेनमन हिमनदीखाली समुद्रपातळीच्या तब्बल ३,५०० मीटर खाली जाणारी घळ आहे. तिचा तळ रडारला नीट दिसत नव्हता. मग २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशासाठी वापरलं काय? आपलं कंटिन्युइटी समीकरण! वरून बर्फाचा वेग मोजला, किती बर्फ वाहून जातो ते धरलं, म्हणजे खोली निघाली. फ्लुइड मेकॅनिक्सचा बॅकलॉग राहिलेल्यांनी नोंद घ्यावी.

आता मुद्द्याची गोष्ट. पश्चिम अंटार्क्टिकात थ्वेट्ससारख्या हिमनद्यांचा तळ समुद्राकडे उथळ आणि आत खोल आहे, वाडग्यासारखा. बर्फ जमीन सोडून तरंगू लागतो ती रेषा मागे सरकली, की कड जास्त खोल पाण्यात आणि जास्त जाड बर्फात जाते. जाड बर्फ अधिक वेगाने बाहेर वाहतो, आणि रेषा आणखी मागे जाते. हा वाडगा तयार होण्यात बर्फाच्याच वजनाचा आणि खरवडण्याचा मोठा वाटा आहे. ३.४ कोटी वर्षांपूर्वीचा बर्फ बराचसा कोरड्या जमिनीवर बसलेला होता; आजचा बर्फ खड्ड्यात बसलाय. म्हणून ‘तेव्हा बर्फ टिकला, आताही टिकेल’ असं सरळ म्हणता येत नाही. संपूर्ण अंटार्क्टिकाचा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल. तो सगळा लवकर जाणार नाही हे खरं, पण त्यातले एक-दोन मीटरही किनाऱ्यावरच्या शहरांना पुरेसे आहेत.

यात एक दिलासाही आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जीपीएस मोजणीनुसार आमुंडसेन समुद्राच्या किनाऱ्याजवळ खडक वर्षाला ४१ मिलिमीटरपर्यंत वर येतो आहे. तिथलं प्रावरण नेहमीपेक्षा बरंच पातळ वाहणारं आहे, म्हणजे डॅशपॉट ढिला. वजन कमी झालं की तळ वर येतो, पाणी उथळ होतं आणि बर्फाला पुन्हा टेकायला जागा मिळते. पण बर्फ फार वेगाने मागे हटला, तर हा आधार उशिरा पोहोचेल. शर्यत या दोन वेगांची आहे, आणि त्यातला बर्फाचा वेग ठरवण्यात आपल्या धुराड्यांचा हात आहे.

सेमिनारची ती स्लाइड मी नंतर बदलली. आता तिथे लिहिलंय, ‘गृहीतक १ : खडक हलतो. किती आणि किती वेगाने, ते पुढे मोजले आहे.’ सरांना दाखवली. ते काही बोलले नाहीत, फक्त सही केली.