वक्र जुळल्यानंतरचे प्रश्न

सजीवांतील घडामोडींचे समीकरणांत प्रतिरूप मांडणाऱ्या गणितीय जीवशास्त्रात उमेदवारी करणाऱ्या संशोधकाला सर्वांत सावध राहावे लागते ते आकडे समीकरणाशी चटकन जुळले म्हणजे. केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी 1927 साली साथींच्या गणिती सिद्धान्तावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळातील मुंबईच्या प्लेगमृत्यूंचे साप्ताहिक आकडे एका घंटाकृती वक्राशी ताडून पाहिले होते, आणि आठवड्याला सुमारे नऊशे मृत्यूंपर्यंत चढून उतरणारा तो वक्र नोंदींशी इतका मिळता निघाला की, पुढे पाठ्यपुस्तकांतून तो प्रतिरूपाच्या यशाचा दाखला म्हणून छापला जाऊ लागला.

आता हिशेब करून पाहावा. या प्रतिरूपात साथ ओसरते ती बाधा होऊ शकणारी माणसे कमी होत गेल्याने. परंतु त्या वक्राखालील एकूण मृत्यू नऊ हजारांच्या आतबाहेर भरतात आणि तेव्हाच्या मुंबईची वस्ती दहा लाखांच्या आसपास होती; एवढ्याने बाधा होऊ शकणारी माणसे सरत आली असे म्हणता येत नाही. शिवाय प्लेग मुळात उंदरांचा रोग असून पिसवांमार्फत माणसांत येतो, आणि मुंबईत तो वर्षानुवर्षे ठरावीक ऋतूत उसळत असे. हे ऋतुमान समीकरणात नव्हतेच. आपली गृहीतके काटेकोरपणे लागू पडत नाहीत, हे मूळ लेखकांनी त्याच निबंधात नमूद केले होते; आकृतीची नक्कल करणाऱ्यांनी ती ओळ मात्र अनेकदा मागेच ठेवली. खरी मेख प्राचलांत, म्हणजे समीकरणातील ठरवावयाच्या स्थिरांकांत आहे: तीन संख्यांनी निश्चित होणारा वक्र संसर्गाचा वेग, रोगातून सुटण्याचा वेग, आरंभीचे बाधित आणि बाधा होऊ शकणारे या चार अज्ञात राशी एकट्याने उकलून देऊ शकत नाही.

म्हणून प्रबंधाचा विषय नक्की करण्यापूर्वी नोंदी कोणी, कशा घेतल्या हे संबंधित डॉक्टरांकडून किंवा प्रयोगशाळेतून समजून घेणे अगत्याचे ठरते. गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1944 मध्ये गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्यासाठी दिलेले सूत्र आजही वापरात आहे, कारण गुणसूत्रांतील एक अदलाबदल जवळच्या दुसरीला अडवते ही वस्तुस्थिती त्या सूत्रातच गुंफलेली आहे. आणि कोसंबींचे गणितातील मुख्य काम तर भूमितीचे!

नोकरीची वाट याहून खडतर आहे. सहायक प्राध्यापकपदाच्या नेट परीक्षेत गणितीय विज्ञान आणि जीवविज्ञान हे विषय स्वतंत्र असून दोहोंच्या सीमेवर काम करणाऱ्याला ती द्यायची तर एकच बाजू निवडावी लागते; त्यामुळे पदव्युत्तर गणिताचा पाया कच्चा ठेवणे महागात पडते. लेखकांच्या क्रमाकडेही नवखे दुर्लक्ष करतात. गणितात नावे बहुधा वर्णानुक्रमे येतात, तर जीवशास्त्रात पहिले नाव मुख्य काम करणाऱ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे मानले जाते, तेव्हा एकाच निबंधावरून दोन निवड समित्या एकाच उमेदवाराविषयी भिन्न निष्कर्ष काढू शकतात. सहकार्य सुरू होतानाच हा क्रम लेखी ठरवून घ्यावा आणि अर्जात प्रत्येक निबंधापुढे स्वतःचा वाटा एका वाक्यात नोंदवावा.