टोकायची द्राक्षे आणि एक बुरशी

द्राक्षाच्या घडावर करडी बुरशी दिसू लागली की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. परंतु हंगेरीच्या ईशान्येस टोकाय नावाचा प्रदेश आहे. तेथील बागायतदार शरद ऋतूत याच बुरशीची वाट पाहत असतो. बॉट्रायटिस सिनेरिया हे तिचे शास्त्रीय नाव होय.

टोकाय सुमारे ४८ अंश उत्तर अक्षांशावर, झेम्प्लेन टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. जमीन ज्वालामुखीजन्य, हवा थंड. १७३७ मध्येच राजाज्ञेने या मद्यप्रदेशाच्या सीमा ठरविण्यात आल्या. फळ पिकत असताना त्यातील मॅलिक आम्ल श्वसनक्रियेत खर्ची पडते, व उष्ण हवेत हा खर्च वाढतो. टोकायच्या थंड रात्री तो आवरून धरतात. त्यातून फुरमिंट ही तेथील मुख्य जात मुळातच आंबट.

टोकाय गावाजवळ बोद्रोग नदी टिसा नदीस मिळते. शरदात पहाटे नद्यांवरून धुके उठते. दुपारी ऊन पडते. धुक्याच्या ओलाव्यात बुरशी रुजते व तिचे तंतू मण्याच्या सालीत शिरतात. दुपारच्या उन्हावाऱ्यात या सच्छिद्र झालेल्या सालीतून पाणी उडून जाते आणि मणी मनुकेसारखा सुकतो. बुरशी स्वतः काही साखर व आम्ल खाते हे खरे. पण पाणी त्याहून पुष्कळ अधिक जाते, म्हणून उरलेला रस दाट होतो. शिवाय तिने निर्माण केलेल्या ग्लिसरॉलमुळे मद्यास एक प्रकारचा स्निग्धपणा येतो. अशा मण्यांना ‘ऑसू’ म्हणतात. एका घडातील सारे मणी एकाच दिवशी तयार होत नसल्याने ते एकेक करून हातानेच वेचावे लागतात.

हे मणी द्राक्षरसात किंवा नव्या मद्यात भिजवून मग पिळतात. २०१३ पासूनच्या नियमानुसार ऑसू मद्यात दर लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर शिल्लक असावी लागते. मण्यांच्या स्वतःच्याच भाराने ठिबकणाऱ्या रसापासून ‘एसेन्सिया’ होते. तिच्यात हे प्रमाण किमान ४५० ग्रॅम. इतकी साखर यीस्टच्या पेशींतील पाणी बाहेर ओढून घेते, त्यामुळे किण्वन वर्षानुवर्षे रेंगाळते. एवढी गोडी असूनही ऑसू मद्य नुसते मिट्ट लागत नाही, याचे श्रेय थंडीने राखलेल्या आम्लास दिले पाहिजे.

हिशेब मात्र फार नाजूक आहे. धुक्यामागून ऊन न येता पावसाची झड लागली, तर हीच बुरशी घड कुजवून टाकते; हवा कोरडीच राहिली, तर ती रुजतच नाही. म्हणून दरवर्षी बागायतदारापुढे प्रश्न उभा राहतो: घड वेळेवर तोडून साखर न उरणारे साधे फुरमिंट मद्य करावे, की सारे पीक वेलीवर ठेवून आणखी काही धुकट सकाळींची वाट पाहावी?