भट्टीचा धूर उलटा का येतो?

आमचा धंदा कापडाचा, पण रंगाऱ्याच्या भट्टीशी नेहमीचा संबंध. धुराडे रंगाऱ्याचे असो की बेकरीवाल्याचे, त्याचा नियम एकच. रामवाडी, पेण, रोहा भागातील कारागीर बंधूंसाठी तो येथे देत आहोत.

विटांचे धुराडे तडकले की त्यात स्टीलचा पाईप सोडतात. तरीही धूर आत येत राहिला तर पाईपाला दोष देण्याआधी कारण शोधावे. एक घनमीटर बाहेरच्या हवेचे वजन सुमारे १.२ किलो, तर २०० अंश तापलेल्या धुराचे पाऊण किलो असते. हलका धूर वर चढतो. यालाच धुराड्याची ओढ म्हणतात. धूर १०० अंशांपर्यंत निवला तर ओढ जवळपास निम्मी होते. म्हणून धूर गरम राहिला पाहिजे. तपासणी या क्रमाने करावी :

१) भट्टी पेटवून दार-खिडकी उघडा, एक्झॉस्ट पंखा बंद करा. धूर थांबला तर दोष पाईपाचा नाही. खोलीला हवा कमी पडते.

२) पेटलेली उदबत्ती पाईपाच्या सांध्यांजवळ फिरवा. तिचा धूर फटीत ओढला गेला तर तेथून थंड हवा शिरते. ती फट भट्टीच्या मातीने लिंपा. पाईप आणि विटांमधली पोकळीही वर-खाली बंद हवी.

३) भट्टीचे धुराचे तोंड ८ इंची आणि पाईप ६ इंची असेल, तर वाट निम्म्याहून थोडीच जास्त उरते. पाईप तोंडाच्या मापाचा घ्यावा. फार मोठाही नको, त्यात धूर निवतो. काटकोनी वळणे टाळावीत.

४) धुराडे छपरातून निघते तेथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आतील भिंत किंवा छपरापेक्षा २ फूट उंच हवे.

५) भट्टी थंड असताना टोपी, जाळी व पाईप ब्रशने साफ करा. ओल्या लाकडाने डांबरासारखी काजळी साचते आणि ती पेटही घेते. लाकूड फोडून पावसाळ्याआधीच आडोशाला वाळवावे. पावसाळ्यात थंड धुराडे ओढत नाही. आधी थोडा कागद आणि सुक्या ढलप्या जाळून ते तापवावे.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या इंधनावर जाण्यास सांगितले. मुंबईत भट्टी असणाऱ्यांनी नव्या पाईपावर खर्च करण्यापूर्वी याचा विचार करावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निखारे धुमसताना कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळणे ही त्याची पहिली खूण. झोपलेल्याला तीही कळत नाही. शटर ओढून कारागिरांना भट्टीजवळ झोपू देऊ नका. उदबत्ती आणि ब्रश यांचा खर्च थोडा आहे. माणसाच्या जिवाची भरपाई कोणत्याच वहीत होत नाही.