पालवणकर बाळू : मैदानावरील पराक्रम आणि एक अवघड प्रश्न

परदेशात जाऊन खेळावर नाव कमावणाऱ्या खेळाडूंच्या कथा आपल्या विद्यार्थ्यांना आज दूरचित्रवाणीवर सहज पाहावयास मिळतात. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या प्रमुख स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना १९५० साली प्रथम प्रवेश मिळाला. बेसबॉलच्या मैदानावर जॅकी रॉबिन्सन १९४७ साली उतरले. या दोन्ही घटनांच्या कितीतरी आधी, १९११ च्या उन्हाळ्यात, महाराष्ट्रातील एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबातील गोलंदाज इंग्लंडच्या मैदानांवर बळी घेत होता. त्यांचे नाव पालवणकर बाळू. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत हे नाव क्वचितच आढळते, म्हणून या स्मरणिकेत त्याची नोंद करावी असे आम्हांस वाटले.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवणचे, आडनावही त्या गावावरूनच आलेले. वडील लष्करी नोकरीत असल्याने बालपण पुण्यात गेले. पारशी क्लबच्या मैदानाची झाडलोट आणि खेळपट्टीची देखभाल, दरमहा तीन रुपये, ही त्यांची पहिली नोकरी. पुढे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पूना क्लबात दरमहा चार रुपयांवर ते लागले. रूळ फिरवणे, रेषा आखणे, जाळी उभारणे ही कामे करता करता सरावासाठी साहेबांना चेंडू टाकण्याचे काम त्यांच्याकडे आले. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज तासन् तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. डावखुऱ्या फिरकीवर त्यांनी जे प्रभुत्व मिळवले ते असे, चाकरीतून. मात्र तेथे त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. गड्याने चेंडू टाकावा, फलंदाजी साहेबाने करावी, असा तो रिवाज होता.

पुण्याच्या हिंदू क्लबला त्यांची गरज भासली तेव्हा वाद झाला. अखेर त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू झेलत असत. चहापानाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पानही निराळे मांडले जाई. चेंडूला विटाळ होत नव्हता, कपाला होत होता! वर्गात हे सांगितले की मुले हसतात. हसून झाल्यावर काही जण गप्प बसतात. आमच्या वसतिगृहात एकाच पंगतीला बसून जेवणाऱ्या मुलांना ही गोष्ट कल्पनेने समजून घ्यावी लागते, हे आम्ही समाधानाने नोंदवतो.

पुढे बाळू मुंबईस आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता. या जिमखान्यात त्यांना इतरांसोबत बसून खाण्यास मुभा मिळाली. पुण्यात जे नाकारले गेले ते मुंबईत थोडेफार मिळाले. कर्णधारपद मात्र मिळाले नाही. ते धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला १९२३ साली आले.

१९११ चा इंग्लंड दौरा हे या चरित्राचे शिखर होय. पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग कर्णधार होते, परंतु राज्यारोहणाच्या त्या वर्षी त्यांचे लक्ष समारंभांकडेच अधिक असे व ते मोजकेच सामने खेळले. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी बाद केले. तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते आणि खेळपट्ट्या परक्या होत्या. तेथील क्रिकेटमध्येही हौशी ‘जेंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ‘प्लेयर’ असा भेद होता. दोघांच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची दारेही बऱ्याच ठिकाणी वेगळी. हा भेद अधिकृतपणे १९६२ साली संपला. तो वर्गाचा भेद होता, जन्मजात विटाळाचा नव्हे. तरी भेद तो भेदच.

मायदेशी परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या मानपत्रामागे एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांचा हात होता, असे चरित्रकार सांगतात. आपल्यातील एक माणूस गोऱ्यांच्या देशात जाऊन जिंकून आला, याचे मोल त्या विद्यार्थ्यास पुरेपूर कळले असणार.

येथून पुढचा भाग शिकवणे अवघड जाते. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू राजा-मुंजे कराराच्या, म्हणजे संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षीच्या पुणे करारावर बाबासाहेबांबरोबर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. त्याच वर्षीच्या ३१ जुलै रोजी बाबासाहेब खटल्याच्या कामानिमित्त धुळ्यास आले आणि लळिंगच्या बंगल्यावर उतरले, हे आपणांस ठाऊकच आहे.

आमच्या समाजातील काही जण म्हणतात, असल्या माणसाचे नाव कशाला घ्यावे? आम्हांस हे पटत नाही. त्यांचा राजकीय निर्णय चुकीचाच होता, असे आम्ही मुलांना स्पष्ट सांगतो. ज्यांनी त्यांना तंबूबाहेर चहा दिला, त्यांच्यात मिसळून जाण्याची आशा त्यांनी सोडली नाही. हिंदू संघाच्या यशातून त्यांना मान मिळाला होता, आणि तोच मार्ग सगळ्या समाजाला मिळेल, असा त्यांचा समज झाला असावा. एका गोलंदाजाला मिळालेली खुर्ची वस्तीला मिळत नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. पण पूना क्लबच्या रुळामागे चालणारा तो मुलगा आणि ते ११४ बळी या गोष्टी त्यामुळे खोट्या ठरत नाहीत.

सहावीतील एका मुलीने विचारले होते, ‘सर, हरल्यावर ते बाबासाहेबांना भेटले का?’ आम्ही तिला एवढेच सांगितले, की बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर सव्वा वर्षाने झाली. तिने दोन्ही तारखा वहीत एकाखाली एक लिहून घेतल्या.