लॅपटॉपचें ग्राफिक्स कार्ड: बदलावें कीं न बदलावें?

लग्नसमारंभाचे व्हिडिओ घेऊन त्यांचें संपादन करून देणारे होतकरू तरुण आतां आमच्या चोपड्यांतही दिसूं लागले आहेत. असाच एक माजी विद्यार्थी वडिलांसह आमच्याकडे आला. लॅपटॉपवर चित्र अडखळतें, तेव्हां नवें ग्राफिक्स कार्ड बसवावें काय, असा त्याचा प्रश्न होता. आम्हीं फारसा विचार न करतां 'बसवावें' असें सांगितलें. वडिलांनीं कापसाच्या पैशांतून कार्ड आणलें. पण लॅपटॉप उघडतांच तें बसविण्यास आंत जागाच नाहीं असें आढळलें! दुकानदारानें कार्ड परत घेतलें, म्हणून नुकसान टळलें. परंतु आमची चूक आम्हांस बोचत राहिली. इतरांची फसगत होऊं नये म्हणून हा पाठ.

प्रथम गणित पाहूं. ४के चित्राच्या एका चौकटींत ३८४० × २१६० म्हणजे ८२,९४,४०० बिंदू असतात. सेकंदास २५ चौकटी धरल्यास यंत्रापुढून दर सेकंदाला २०,७३,६०,००० बिंदू जातात. चित्राचा रंग किंचित् उजळावयाचा म्हटलें तरी यांतील प्रत्येक बिंदूचा हिशेब नव्यानें करावा लागतो. मुख्य प्रोसेसर हा एकट्या निष्णात कामकऱ्यासारखा आहे. ग्राफिक्सची चिप ही कापूस वेंचणाऱ्या बायांच्या लांब रांगेसारखी आहे. काम सोपें, पण अफाट असेल तेथें रांगच उपयोगी पडते.

मेजावरील संगणकांत ही चिप वेगळ्या कार्डावर असते, व तें कार्ड मदरबोर्डच्या खांचेंत बसतें. म्हणून बदलतां येतें. लॅपटॉपांत मात्र बहुधा ती चिप मदरबोर्डवरच डाख लावून पक्की केलेली असते. तेव्हां ती बदलणें हें सामान्य कारागिराचें काम नव्हे.

एक बाहेरची वाट आहे. थंडरबोल्ट जोडणी असलेल्या कांहीं लॅपटॉपांस वेगळ्या पेटींत बसविलेलें कार्ड जोडतां येतें. परंतु थंडरबोल्ट ३ व ४ यांची कमाल गति सेकंदास ४० गिगाबिट. ती खांचेच्या मानानें अरुंद असल्यामुळें कार्डाची पूर्ण शक्ति हातीं येत नाहीं. शिवाय यूएसबी-सी आकाराचें प्रत्येक छिद्र थंडरबोल्ट असतेंच असें नाहीं. पेटी व कार्ड यांचा एकत्रित खर्च आधीं मांडून पाहावा.

मग अल्प खर्चांत काय करावें? पहिला उपाय फुकटाचा आहे. केडेनलाइव्ह व डाविंची रिझॉल्व्ह या दोन्हींत मूळ चित्राची हलकी प्रत, म्हणजे प्रॉक्सी, करण्याची सोय आहे. ९६० × ५४० च्या प्रतींत ५,१८,४०० बिंदू, म्हणजे मूळच्या अवघा सोळावा भाग! जुळणी या प्रतीवर करावी. अखेरचा व्हिडिओ मूळ चित्रांतूनच निघतो. दुसरा उपाय, रॅम वाढविणें व जुन्या हार्ड डिस्कऐवजीं एसएसडी घालणें. मात्र कांहीं लॅपटॉपांत रॅमही पक्की असते, हें आधीं विचारावें. तिसरा उपाय उष्णतेचा. खानदेशच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अतितप्त चिप स्वतःस वांचविण्यासाठीं आपली गति आपणच कमी करते. पंख्यांतील धूळ काढावी आणि लॅपटॉप गादीवर ठेवूं नये. इतकें करूनही रोजचें काम अडत असेल, तर ज्याचें कार्ड पुढें बदलतां येईल असा मेजावरील संगणक घेणें शहाणपणाचें.

शेजारच्या मालेगांवीं शेख नासिर यांनीं २००० सालीं 'मालेगांव के शोले' हा विनोदी चित्रपट काढला. कॅमेरा सरकविण्यास रूळ नव्हते, तर सायकलचा उपयोग केला. त्यांच्या मंडळींवर २००८ सालीं फैजा अहमद खान यांचा माहितीपट निघाला. साधनें तोकडीं होतीं. युक्ति तोकडी नव्हती.

आमचा तो विद्यार्थी आज प्रॉक्सी करून, रॅम वाढवून, त्याच लॅपटॉपवर काम करीत आहे. पालकहो, मुलगा यंत्र मागूं लागला तर त्यास रागावूं नका. परंतु 'काम नेमकें कोठें अडतें?' एवढें त्यास विचारा. आणि विद्यार्थ्यांनो, त्याचें उत्तर देतां येईपर्यंत वडिलांच्या घामाच्या पैशास हात लावूं नका. हाच प्रश्न आम्हीं प्रथम विचारावयास हवा होता.