नेत्रकोटरातील अर्बुदे

कवटीच्या पुढील भागात डोळ्यासाठी असलेल्या हाडांच्या खोबणीस नेत्रकोटर असे म्हणतात. ही खोबण सात हाडांच्या भागांनी बनलेली असून प्रौढ माणसात तिचे घनफळ सुमारे ३० घन सेंटिमीटर असते. त्यातील जेमतेम चौथा हिस्सा नेत्रगोल व्यापतो. उरलेल्या जागेत चरबी, डोळा फिरविणारे स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू व अश्रुग्रंथी असतात. यांपैकी कोठेही अर्बुद, म्हणजे पेशींच्या अनिर्बंध वाढीची गाठ, उद्भवू शकते. मात्र अशी अर्बुदे विरळाच आढळतात.

नेत्रकोटराच्या भिंती कठीण असून केवळ पुढची बाजू उघडी असते. त्यामुळे आत गाठ वाढू लागली की नेत्रगोल बाहेर ढकलला जातो. तो कोणत्या दिशेस सरकला आहे, यावरून गाठीच्या स्थानाचा अंदाज बांधता येतो. गाठ नेत्रगोलाच्या थेट मागे असल्यास डोळा सरळ पुढे येतो. अश्रुग्रंथीत, म्हणजे वरच्या बाहेरील कोपऱ्यात असल्यास तो खाली व नाकाच्या बाजूस सरकतो. अर्थात पुढे आलेला प्रत्येक डोळा अर्बुदाचाच निदर्शक नव्हे. प्रौढांमध्ये थायरॉइड ग्रंथीचा विकार हे त्याचे नेहमीचे कारण होय.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र विशेष सावधगिरी हवी. रॅब्डोमायोसार्कोमा नावाचे मारक अर्बुद बहुधा पहिल्या दहा वर्षांतच उद्भवते आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत डोळा पुढे आणते. पापणी सुजून लाल झाल्यामुळे ‘जंतुसंसर्ग असेल’ किंवा ‘खेळताना लागले असेल’ असा समज होतो व मोलाचा वेळ वाया जातो. स्कॅनने गाठीची व्याप्ती कळते. निश्चित निदान मात्र तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच होते.

पूर्वी या रोगात नेत्रगोलासह नेत्रकोटरातील सर्व भाग काढून टाकीत. तरीही बहुसंख्य मुले दगावत. १९७२ साली अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी संयुक्तपणे उपचारांचा अभ्यास आरंभिला, आणि औषधे व किरणोपचार यांच्या संयोगास शास्त्रशुद्ध आधार मिळाला. रोग नेत्रकोटरापुरताच मर्यादित असताना योग्य उपचार झाल्यास आज दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात, व बहुतेकांचा डोळाही राखता येतो. किरणोपचारामुळे पुढे मोतीबिंदू होण्याचा किंवा त्या बाजूच्या हाडांची वाढ खुंटण्याचा संभव असतो; म्हणून अशा मुलांची तपासणी अनेक वर्षे चालू ठेवावी लागते.

सारांश, मुलाचा एक डोळा झपाट्याने पुढे येऊ लागल्यास घरगुती उपायांत दिवस न दवडता त्याला तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे नेणे, हेच श्रेयस्कर होय.